दुसऱ्या उकळीचं पाणी

आमच्या घरात दोन वर्षं एकाच पातेल्यावर दोन माणसं तगून होती, आणि दोन्ही माझीच होती. एक माझी मुलगी ओवी. ती बेचाळीस किलोमीटर पळते आणि वर पुन्हा दुपारी झाडांना पाणी घालते. दुसरे आमचे हे, भालचंद्र शेडगे, वीज मंडळातले निवृत्त वायरमन. तरणेपणी पावसापाण्यात खांबावर चढणारा माणूस, आता जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्याचं नाटक करायचा. दोघांची मूत्रपिंडं एकाच रक्ताची, पण हिची घोड्यासारखी आणि ह्यांची थकलेली. आणि पातेल्यात असायची रताळी.

उपासाची साधी रताळी नव्हेत. ह्या वाणाचं नाव 'झेप'. पाच-सहा वर्षांपूर्वी कंदपिकांच्या संशोधन केंद्रानं ते पळणाऱ्यांसाठी तयार केलं आणि आमच्या पाटण तालुक्यात घरोघर लागलं. त्यामागचं शास्त्र ओवीनं मला तीनदा समजावलं होतं. पळताना पायाचे स्नायू जी साखर जाळतात, ती आधीपासून स्नायूंतच साठवलेली असते. पण ही साखर एकटी साठत नाही, तिच्यासोबत पाणी लागतं आणि पोटॅशियम लागतं. शिवाय स्नायू आकसतो आणि सैल पडतो तोही सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, मग पुन्हा उलट, अशा देवघेवीवर. म्हणून लांब पळून आल्यावर रिकामे स्नायू भरायचे तर पिष्ट आणि पोटॅशियम दोन्ही हवं. पळणारे लोक केळी, बटाटे, रताळी खात आले ते उगाच नाही.

'झेप'मध्ये पोटॅशियम साध्या रताळ्याच्या तिप्पट, आणि ते पेशींमध्ये घट्ट बसलेलं नसतं. फोडी करून दोन पाण्यांत उकडल्या की त्यातलं बरंचसं आणि थोडं पिष्टही पाण्यात उतरतं. ते पाणी प्यायचं. पोटात गोळा नाही, धावताना डुचमळत नाही. आम्ही त्याला कट म्हणायला लागलो, पुरणाच्या कटासारखा म्हणून.

मागे उरलेल्या फोडी लोक गुरांना घालत. त्यांचा उपयोग सुचला तो मूत्रपिंडाच्या एका डॉक्टरीणबाईंना. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साचतं, आणि हृदय हाही शेवटी स्नायूच. साचलेल्या पोटॅशियमनं त्याचा ठोका चुकतो आणि एखाद्या दिवशी थांबतोही. म्हणून अशा माणसाला केळं नको, बटाटा नको, शहाळं नको, डाळ नको. खायचं काय, तर वैद्यांनी सांगितलेलं आणि जिभेला नको असलेलं. 'झेप'च्या उकडून निथळलेल्या फोडींत मात्र ताकदीपुरतं पिष्ट असतं आणि पोटॅशियम नावाला.

तर सकाळी सहाला मी पहिली उकळी काढायची, साडेसहाला दुसरी. दोन्हींचा कट एका तांब्यात. ओवी त्यात मीठ-लिंबाची पुडी टाकून घटाघटा प्यायची आणि घाटाच्या रस्त्याला लागायची. फोडींना मी जिऱ्याची फोडणी द्यायची, त्या ह्यांच्या ताटात. वाया काही नाही. मला ह्याचा फार अभिमान होता.

ह्यांच्या दंडावर बोटाएवढी पट्टी होती. तिच्या केसाहून बारीक सुया दर तासाला रक्तातलं पोटॅशियम मोजून आकडा ओवीच्या फोनवर, माझ्या फोनवर आणि दवाखान्याच्या यंत्राला पाठवायच्या. पाचाच्या आत असला तर बरं. सहाच्या पुढे गेला तर धाव घ्यायची.

गेल्या वर्षी ओवीची आशियाई स्पर्धेच्या निवड शिबिरासाठी निवड झाली. हिमाचलात, चार महिने. आमच्या तालुक्यातून इतक्या लांबच्या शर्यतीला कुणी गेलं नव्हतं. पत्र आलं आणि ही पोरगी पत्र उशाखाली ठेवून आठ दिवस गप्प. मी विचारलं तर म्हणाली, बाबांचं कोण बघणार.

मला राग आला. मी तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. चाळीस-चाळीस पोरांची वजनं, लसी, जुलाब सांभाळले, आणि माझी पोरगी मला विचारते बाबांचं कोण बघणार. मी तिला तसं बोलून दाखवलं.

"तसं नाही गं आई," ती म्हणाली. "तू सगळं बघशील. मला फक्त आकडा पाचाच्या आत दिसू दे. तो वर गेला ना, तर माझे पाय चालायचे नाहीत."

"पाचाच्या आत राहील," मी म्हटलं. "माझा शब्द."

ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं दोन उकळ्या काढल्या, फोडी निथळल्या, आणि तो भरलेला तांब्या हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. प्यायला कुणी नाही. मला साखरेचा आजार, मी ते गोडसर पाणी वाटीभरसुद्धा घेत नव्हते. मोरीत ओतलं तेव्हा वाटलं, पोरीचाच घास ओतला. तीन दिवस ओतलं. चौथ्या दिवशी हात धजेना.

त्याच दिवशी हे जेवताना म्हणाले, "रजनी, आमटीचा वास कसा असतो ते बी विसरलो बघ." तक्रार नव्हती ती. दोन वर्षं डाळ बंद, तेव्हा आमटी बंद, आणि हा माणूस असा की सणाच्या पोळीपेक्षा कटाच्या आमटीची वाट बघणारा. पोरगी गेल्यापासून ताटावर बसायचा आणि फोडी चिवडत राहायचा.

माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. डाळ नको ना? मग डाळीशिवाय कट आहे की घरात. तेलात मोहरी-हिंग, कढीपत्ता, गोडा मसाला, दोन आमसुलं, गुळाचा नखभर खडा, आणि त्यावर रताळ्याचा कट. उकळी फुटली तसा सगळ्या आळीला वास गेला.

आता कुणी म्हणेल, ही बाई तीस वर्षं सरकारी नोकरीत, हिला एवढं कळू नये? तर माझी समजूत सांगते. तीस वर्षं मी आयांना एकच गोष्ट घोकून घेतली होती: पाणी उकळून प्या, उकळलं की मरतं. दवाखान्यात ह्यांच्या रताळ्याला दोन उकळ्या द्यायला सांगितल्या तेव्हा मी मनाशी धरलं की पोटॅशियमही तसंच काहीतरी, पहिल्या उकळीत अर्धं मरतं, दुसरीत उरलेलं. ओवीची ताकद मी त्या मीठ-लिंबाच्या पुडीत आहे असं समजत होते. तिनं तीनदा समजावलं तेव्हा मी तीनदा मान हलवली होती. आईला शिकवायला निघालेल्या लेकीपुढे आया मान हलवतात, तशी.

हे पहिला घोट घेऊन थांबले. मग वाटी तोंडाला लावली. "कुठनं आणलीस डाळ?" विचारलं. मी सांगितलं, डाळ नाहीच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं असेल. दुसऱ्या दिवशीही मागितली. मग रोजच झाली, दोन वाट्या सकाळी, उरलेली संध्याकाळी भाताला. माणूस पुन्हा जेवायला लागला, गप्पा मारायला लागला, आणि मला वाटलं, पोरीला दिलेला शब्द मी व्याजासकट पाळतेय.

आकडा तिसऱ्या आठवड्यात पाच पूर्णांक एक झाला.

ओवीचा फोन आला. मी म्हटलं, उन्हाळा आहे, होतं. पाच-तीन झाला. पाच-पाच झाला. दवाखान्याचं यंत्र रोज रात्री विचारायचं, दिवसभरात काय खाल्लं, आणि समोर चित्रं यायची. मी प्रामाणिकपणे रताळ्याच्या चित्रावर बोट ठेवायची, 'दोनदा उकडलेलं' ह्यावर बोट ठेवायची. डाळीच्या आमटीचं चित्र होतं, ते ओलांडून पुढे जायची, कारण डाळ नव्हतीच. यंत्रानं हिशेब केला: आहार चोख, औषध वेळेवर, तरी पोटॅशियम चढतंय, म्हणजे मूत्रपिंडं संपत आली. डॉक्टरांनी यंत्राचा कागद बघून तेच सांगितलं. मूत्रपिंडाचं रोपण करावं लागेल, नुसत्या डायलिसिसवर फार दिवस निघणार नाहीत.

घरचं झालं थोडं म्हणतात तसं झालं. डुकराचं मूत्रपिंड आता माणसाला बसवतात, पण त्याची यादी चार वर्षांची. माझं तर साखरेमुळे चालतच नव्हतं. राहिली ओवी. तिच्या तपासण्या तिकडेच झाल्या आणि सगळ्या जुळल्या. एका मूत्रपिंडावर माणूस सुखानं जगतो, चालतो, पळतोही. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शर्यतीची मॅरेथॉन नाही, निदान ह्या पातळीवर नाही. पंधरा दिवसांत तिचं उत्तर कळवायचं होतं, होय किंवा नाही.

हे ऐकायलाच तयार नव्हते. "पोरीचं घेनार न्हाई. मी काय तिच्या पायावर जगू?" असं एकदा म्हणाले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. पण मी बोलत होते. खरं तेच लिहिते. मी ओवीला रोज फोन करून त्यांचा आकडा सांगत होते, जणू तिला तो दिसत नव्हता. 'दे' असं मी एकदाही म्हटलं नाही. पण आकडा सांगून झाल्यावर मी फोनवर गप्प राहायची, आणि ती गप्प राहायची, आणि दोघींना कळायचं मी कशासाठी गप्प आहे. आणि फोन ठेवून मी आमटीला फोडणी द्यायची, कारण एवढ्या काळजीत तेवढीच एक वस्तू त्या माणसाच्या घशाखाली सुखानं उतरत होती.

चौदाव्या दिवशी दुपारी संशोधन केंद्राचा एक मुलगा पाहणीला आला. तन्मय गुरव त्याचं नाव, पंचविशीचा, गळ्यात पिशवी. 'झेप' कोण कसं खातं ह्याची माहिती घरोघर गोळा करत होता. हे दुपारचे पारावर जाऊन बसले होते. मी म्हटलं, आधी जेव, मग विचार. तो लाजत बसला. मी भाकरी वाढली, वांगं वाढलं, आणि कौतुकानं आमटीची वाटी पुढे केली.

त्यानं चव घेतली आणि विचारलं, कशाची? मी सगळं सांगितलं, दुसऱ्या उकळीपासून आमसुलापर्यंत. कुणी पाककृती विचारली की मी थांबत नाही.

त्यानं वाटी खाली ठेवली. मग त्यानं हळूच विचारलं, "काकू, आणि काका पण हेच खातात?"

"रोज. त्यांच्यासाठीच करते. डाळ नाही, दोन उकळ्यांनी सगळं पोटॅशियम मेलेलं."

"पोटॅशियम मरत नाही, काकू," तो म्हणाला. त्याला बोलणं जड जात होतं. "ते जंतू नाही, धातू आहे. कितीही उकळा. ते फक्त फोडीतनं निघून पाण्यात जातं. फोडी सुरक्षित होतात त्या त्यामुळंच."

मी वाटीकडे बघत राहिले. तेल वर आलेलं, कढीपत्त्याचं पान तरंगत होतं. आकडे एकेक करून डोक्यात लागत गेले: ओवी गेली तो दिवस, चौथा दिवस, तिसरा आठवडा. यंत्राची चूक नव्हती. मूत्रपिंडंही बहुधा होती तशीच होती. दोन महिने रोज दोन्ही वेळा हे विष मी स्वतः, वाढून, अजून हवी का विचारून घातलं होतं.

पहिला विचार काय आला ते लिहायला लाज वाटते, पण आला. आजपासून आमटी बंद करावी. आकडा आपोआप उतरेल. डॉक्टर म्हणतील चमत्कार, मी म्हणेन देवाची कृपा. हा मुलगा कुणाला सांगणार आहे? पण उद्याची तारीख होती. आकडा उतरायच्या आत पोरीनं होय म्हटलं असतं तर माझ्या अब्रूपायी तिच्या पोटाला चीर गेली असती. मी पदर खोचला आणि पाराकडे निघाले.

ह्यांना चारचौघांतून उठवून बाजूला घेतलं आणि एका दमात सांगितलं. तन्मय मागे उभा होता. ह्यांनी चपलेच्या टोकानं मातीत एक रेघ ओढली.

"सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाले. "न सांगता बंद केली असतीस तर मी आमटीसाठी भांडलो असतो." आणि मग, मला रडू फुटतंय हे बघून, "अगं, दोन म्हयने जेवलो तरी पोटभर. त्ये बी मोजशील का न्हाई?"

आकडा तेव्हा पाच-नऊ होता. तन्मयनंच रिक्षा आणली. दवाखान्यात त्यांना पोटॅशियम ओढून घेणारी पूड दिली, हृदयाचा आलेख काढला, आणि निजवून ठेवलं. डॉक्टर तरुण होते. मी सांगितलेलं ऐकून ते यंत्राचा कागद उलटसुलट करत राहिले आणि म्हणाले, हे मी विचारायला हवं होतं. त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं असं मला वाटत होतं, म्हणजे बरं वाटलं असतं. आकडा पुढे चौथ्या दिवशी चार-आठवर आला आणि रोपणाची घाई टळली. तीन वर्षं, कदाचित पाच, मूळच्या मूत्रपिंडांवर निघतील असं त्यांचं म्हणणं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मला एवढंच माहीत होतं की ओवीला आत्ता सांगायला हवं.

दवाखान्याबाहेर बाकावर बसून मी फोन लावला. तिकडे तिचा सराव संपला होता, ती धापा टाकत होती. मी सगळं सांगितलं. एकही शब्द झाकला नाही, बाबांच्या पोटभर जेवणाचंसुद्धा सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुला काही द्यायचं नाही, बाळ. चूक माझी होती. उद्या तिकडच्या डॉक्टरांना नाही म्हणून कळव."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर ऐकू आली.

"आई," ती म्हणाली, "मी कालच कळवलंय."

"काय कळवलंस?"

"नाही म्हणून."

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. काल तिला कटाचं काही माहीत नव्हतं. काल तिच्या लेखी बाबा मरत होते, आणि तिच्याकडे जुळणारं मूत्रपिंड होतं, आणि तिनं नाही म्हटलं होतं.

"बाबा नको म्हणत होते म्हणून नाही," ती भराभर बोलायला लागली, "तसं मी तुला सांगू शकले असते, पण ते खरं नाही. मला पळायचं होतं. मी आठ दिवस विचार केला आणि मला पळायचंच होतं. सही करून आल्यावर मला उलटी झाली. आज सकाळी मी पळाले आणि माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ लागली. आई, मी कसली मुलगी आहे गं?"

मला राग आला. खांबावर चढून हिच्या शाळेची फी भरलेला तो माणूस आत पूड पिऊन पडला होता. मी तोंड उघडलं होतं. मग माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं. नखांत अजून हळद होती. तांब्याभर पाणी फेकवलं नाही म्हणून मी त्याला मरणाच्या दारात नेलं होतं, आणि रोज फोनवर गप्प राहून ह्या पोरीकडे तिच्या शरीराचा तुकडा मागत होते. तिनं निदान जे केलं ते समजून केलं होतं, आणि मला स्वतःहून सांगितलं होतं. मी तर सांगावं की नाही ह्यावर घासाघीस करून आले होते.

"बाबांना तू सांगशील," मी म्हटलं. "मी नाही सांगणार. शर्यत झाल्यावर ये आणि समोर बसून सांग."

"ते काय म्हणतील?"

"ते काही म्हणणार नाहीत. ते जेवायला बस म्हणतील. तेच जड जाईल तुला."

ती रडत होती. मी रडत होते. बाकावर शेजारी बसलेल्या बाईनं काही न विचारता मला पाण्याची बाटली दिली.

"आई, तू रागावलीयस माझ्यावर?"

"हो," मी म्हटलं. "रागावलेय. जायला वेळ लागेल. पण म्हणून परत येऊ नकोस. तू पळ."